‘दात पडला’ एवढ्या नोंदीवर भागत नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या अंकात क्रीडा पानावर एका फुटबॉल सामन्याची बातमी होती. तिच्यातली शेवटून दुसरी ओळ अशी : ‘चेंडू हेड करताना झालेल्या धडकेत एका खेळाडूचे दोन दात पडले.’ वार्ताहराला मी दोष देत नाही. गोल कुणी केला, कार्ड कुणाला मिळाले हे सांगणे त्याचे काम होते आणि ते त्याने नीट केले. पण ती ओळ वाचल्यापासून हे पत्र डोक्यात घोळत आहे. कारण तीच ओळ, जवळजवळ त्याच शब्दांत, मी शाळेच्या रजिस्टरमध्ये वाचली आहे, तालमीच्या वहीत वाचली आहे आणि दवाखान्यांच्या केसपेपरवरही वाचली आहे. ‘दात पडला.’ कोणता? पूर्ण मुळासकट बाहेर आला की हिरडीजवळ मोडला? किती वाजता? दात गेला कुठे?

मी गेली ३२ वर्षे कोल्हापुरात गंगावेशीजवळ दातांचा दवाखाना चालवते. एका बाजूला तालमी, दुसऱ्या बाजूला रंकाळ्याकडे जाणारी दुचाकींची वर्दळ आणि मध्ये दोन-तीन शाळा. त्यामुळे मार लागून आलेले दात माझ्याकडे सततच येतात. फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की जास्त येतात, उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर आल्या की आणखी. या दातांची नोंद आपण किती हलगर्जीपणे करतो आणि त्याची किंमत मुले पुढे दहा-दहा वर्षे कशी मोजतात, हे सांगण्यासाठी आपल्या पत्रांच्या सदरातली थोडी जास्त जागा मागते आहे.

दोन वर्षांपूर्वी करवीर तालुक्यातल्या एका गावातून एक आई सतरा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. वरचा, पुढचा, डावीकडचा दात शेजारच्या दातापेक्षा चांगला तीन मिलिमीटर वर राहिलेला. मुलगा हसताना ओठावर हात धरायचा. आईने रेशन कार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला. सात वर्षे जपून ठेवलेला. ‘‘त्यांनी लिवलंय की सगळं ह्यात,’’ ती म्हणाली. कागदावर तारीख होती, मुलाचे नाव होते आणि खाली एवढेच : ‘२१ – क्लास ५. ट्रीटमेंट डन.’

२१ म्हणजे तोच दात, वरचा डावा पुढचा. अमेरिका सोडली तर जगभरचे बहुतेक दंतवैद्य हाच आकडा वापरतात, तेवढे ठीक. पण ‘क्लास ५’ म्हणजे काय? आमच्या कॉलेजात शिकवली जाणारी कॅनडातल्या एलिस यांची दातांच्या दुखापतींची वर्गवारी धरली, तर पाचवा वर्ग म्हणजे मार लागून गमावलेला दात. इथे तर दात तोंडात होता. गार्सिया-गोडॉय यांची वर्गवारी धरली, तर पाचवा वर्ग म्हणजे दात वरपासून मुळापर्यंत चिरला गेला आणि आतली नस उघडी पडली. तीही शक्यता होती. आकडा तोच, दुखापती दोन, आणि एकीचा दुसरीशी काही संबंध नाही. कोणती वर्गवारी वापरली हे लिहिणाऱ्याने लिहिले नव्हते. तो दवाखाना आता बंद आहे.

मी आरशाच्या दांड्याने दातावर हलकेच टकटक केली. शेजारच्या दातांचा आवाज बोदा आला, याचा भांड्यावर वाजवावे तसा खणखणीत. एक्स-रेमध्ये मुळाची कड कुठे संपते आणि हाड कुठे सुरू होते ते सांगता येत नव्हते. मूळ हळूहळू विरघळून त्याच्या जागी हाड भरत होते. म्हणजे दहाव्या वर्षी हा दात मुळासकट बाहेर पडला होता, कुणीतरी तो परत खोबणीत बसवला होता, आणि तो बाहेर बराच वेळ कोरडा राहिला होता.

मुळाभोवती एक पातळ आवरण असते. दात आणि हाड यांच्यामधली ती उशीच. दात कोरडा राहिला की त्या आवरणातल्या पेशी मरतात. साठ मिनिटे कोरडा राहिला, तर जवळजवळ सगळ्या मेल्या असेच धरून चालावे लागते. मग हाड थेट मुळाला चिकटते. वाढत्या वयात जबडा खाली सरकत जातो, शेजारचे दात त्याच्याबरोबर येतात, आणि हाडाला चिकटलेला दात जिथल्या तिथे राहतो. म्हणून तो ‘वर गेलेला’ दिसतो.

त्या कागदावर फक्त ‘दात मुळासकट पडला, दीड तास रुमालात होता’ एवढे असते, तरी पुढचा प्रत्येक दंतवैद्य सावध झाला असता. दर वर्षी एक्स-रे झाला असता. बाराव्या-तेराव्या वर्षी, उंची झपाट्याने वाढायच्या सुमारास, वरचा भाग काढून मूळ हाडातच ठेवण्याची शस्त्रक्रिया करता आली असती. तिने हाडाची रुंदी टिकते आणि पुढे कृत्रिम दात बसवायला जागा राहते. सतराव्या वर्षी तिथे हाडाला खळगा पडलेला होता. त्या माउलीने कागद सात वर्षे जिवापाड सांभाळला होता, आणि त्या कागदात तिच्या मुलाच्या उपयोगाचे काहीही नव्हते. तिला हे कसे सांगायचे, ते मला त्या दिवशी सुचले नाही.

दुसऱ्याचे सांगितले, आता माझे सांगते. १९९७ साली नऊ वर्षांची एक मुलगी आली होती. शाळेच्या नळावर ओणवून पाणी पिताना मागून धक्का बसला आणि तोंड तोटीवर आपटले. (शाळेतल्या नळाच्या तोट्या हा माझ्या अनुभवात मुलांच्या दातांचा मोठा शत्रू आहे. शाळांनी तेवढ्यासाठी तरी नळापाशी रांग लावावी.) वरच्या, पुढच्या, उजव्या दाताचा कोपरा तुटला होता. मी तो छान भरून दिला. वहीत लिहिले : ‘११ – एनॅमल आणि डेंटिन तुटले, कॉम्पोझिट भरले.’ (एनॅमल म्हणजे दाताचे वरचे कठीण कवच, डेंटिन त्याखालचा थर, कॉम्पोझिट म्हणजे दाताच्या रंगाचे भरण.) ती म्हणाली होती, ‘‘बाजूचा पण दुखतोय.’’ बाजूचा दात अखंड दिसत होता, म्हणून मी त्याच्याकडे वळलेही नाही. चौदा महिन्यांनी ती परत आली तेव्हा तो अखंड दात राखाडी झाला होता आणि हिरडीवर पुवाची पुळी होती. वही काढली. २१ बद्दल एक शब्द नव्हता. त्या दिवशी तो हलत होता का? हिरडीच्या कडेतून रक्त येत होते का? थंड लावल्यावर कळत होते का? काही माहीत नाही. मुळाचे टोक अजून बंद झालेले नव्हते, त्या काळच्या पद्धतीप्रमाणे महिनोन्‌महिने कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे औषध भरत राहावे लागले. दात वाचला, पण भिंती पातळच राहिल्या. ती वही मी अजून टाकलेली नाही.

त्या एका पानाने मला शिकवले की मार दाताला लागत नाही, तोंडाला लागतो. जो दात तुटलेला दिसतो त्याने धक्का स्वतः पचवलेला असू शकतो. जो अखंड दिसतो त्याच्या मुळापाशी नस तुटलेली असू शकते. आणि एकच दात तुटला आणि जागेवरून हललाही, अशी जोड दुखापत असेल तर नस मरण्याचा धोका नुसत्या तुटण्यापेक्षा जास्त. एका दाताला एकच आकडा देणारी वर्गवारी इथे अपुरी पडते, कारण तुटणे आणि हलणे या दोन वेगळ्या रांगा आहेत आणि दोन्ही भराव्या लागतात.

कोपनहेगनचे दंतवैद्य आंद्रेआसेन यांनी आयुष्य वेचून नेमके हेच केले. जागतिक आरोग्य संघटनेची १९७८ सालची वर्गवारी घेऊन त्यांनी ती पक्की केली. दाताचे तुटणे एकीकडे : नुसती चीर, फक्त एनॅमल, डेंटिनपर्यंत, नसेपर्यंत, मुळापर्यंत, नुसत्या मुळाचे. मुळाच्या आधाराची दुखापत दुसरीकडे : नुसता ठणका, हलणे, खाली लोंबणे, आडवे सरकणे, हाडात आत घुसणे, पूर्ण बाहेर पडणे. २०२० साली ते वारले. दंत-आघाताच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्याच वर्षी सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनाही याच नावांवर उभ्या आहेत.

‘नावात काय आहे, उपचार बरोबर झाला म्हणजे झाले’ असे माझ्याच व्यवसायातले काही जण म्हणतात. पण उपचार नावावरच ठरतो. बाहेर पडलेला दात परत बसवला, तर त्याला शेजारच्या दातांशी बांधून ठेवणारी लवचिक तार दोन आठवडे. हाडात आडवा सरकलेला असेल, तर चार. मूळ दाताच्या मानेजवळ, म्हणजे हिरडीलगत, मोडले असेल, तर चार महिन्यांपर्यंत. मुळाचे टोक बंद झालेला दात पूर्ण बाहेर पडून परत बसवला, तर दोन आठवड्यांच्या आत रूट कॅनल सुरू करावे लागते. तोच दात नुसता हलत असेल, तर थांबायचे. कारण मार लागल्यावर नस कधी कधी तीन महिन्यांपर्यंत थंडाला उत्तर देत नाही आणि मग पुन्हा जागी होते. नाव चुकले की चांगल्या दाताची नस काढली जाते, नाहीतर मेलेल्या दाताची वाट पाहिली जाते. दोन्ही मी पाहिले आहे.

आणि नावे चुकतात ती डोळ्यांवर विसंबल्यामुळे. आडवा सरकलेला दात घ्या. त्याचे मूळ हाडाची पातळ भिंत फोडून तिच्यात अडकलेले असते, म्हणून तो बोटाने हलवला तर हलत नाही. घाईत असलेला डॉक्टर लिहितो ‘दात घट्ट, काही नाही’. हलत नाही हीच तिथली खूण आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाचा दात अर्धाच दिसतो तो अजून पूर्ण उगवायचा आहे म्हणून, की धक्क्याने आत घुसला म्हणून? आईकडे फोटो मागा. आजकाल प्रत्येकीच्या मोबाइलमध्ये मुलाच्या हसण्याचे पन्नास फोटो असतात.

सगळ्यात वाईट नोंद म्हणजे ‘दात पडला, सापडला नाही’. न सापडलेल्या दाताचा हिशोब लागलाच पाहिजे. तो मैदानावर असेल, पूर्ण हाडात घुसून दिसेनासा झाला असेल, तुकडा ओठात रुतलेला असेल, किंवा श्वासाबरोबर छातीत गेला असेल. पहिली शक्यता सोडून बाकी सगळ्यांना एक्स-रे लागतो, शेवटचीला छातीचा.

आता वेळेविषयी. पालकांना ‘दात कधी पडला’ विचारले की कोल्हापुरात एकच उत्तर येते : ‘‘आत्ताच की.’’ हे ‘आत्ताच’ दहा मिनिटांचे असते आणि अडीच तासांचेही असते. एकदा पेठेतल्या एका संघाचा पोरगा संध्याकाळी सहाला आला. ‘‘आत्ताच पडला मॅडम.’’ पायात बूट, अंगावर जर्सी. मी विचारले, ‘‘मॅच संपवून आलास का?’’ म्हणाला, ‘‘मग? सोडून कसं यायचं?’’ तेव्हापासून मी घड्याळ विचारत नाही. पहिला हाफ का दुसरा? गोल झाला त्याआधी का नंतर? मग पोरे मिनिटासह सांगतात. नळावर पडलेल्या मुलाला विचारते, मधली सुट्टी का शेवटचा तास? तालमीतल्या मुलाला विचारते, जोर-बैठका झाल्या होत्या का? नोंद विश्वासार्ह व्हायची तर प्रश्न माणसाच्या दिवसाला जोडून विचारावा लागतो. नुसता फॉर्म छापून ते होत नाही.

वेळेइतकेच महत्त्वाचे : दात कशात होता. माझ्याकडे दात रुमालातून आले आहेत, काडेपेटीतून आले आहेत, हळदीत लोळवून आले आहेत. टूथपेस्ट लावून ब्रशने घासून चकचकीत केलेलेही आले आहेत. घासणाऱ्या वडिलांनी मुळावरच्या जिवंत पेशी प्रेमाने खरवडून काढल्या होत्या. एका आजीने नातवाचा पडलेला दात रिवाजाप्रमाणे कौलावर टाकला होता, तो दुधाचा नसून कायमचा होता. आणि एकदा दूध कट्ट्यावरून, जिथे म्हैस समोर पिळून दूध देतात तिथून, एक जण ग्लासभर दुधात दात घेऊन धावत आला होता. त्याला हे कुणी सांगितले नव्हते. समोर म्हैस होती, दूध होते, त्याने टाकला. तो दात आज अकरा वर्षे तोंडात आहे.

म्हणून, हे पत्र कुणी कापून भिंतीवर लावणार असेल तर त्याच्यासाठी : कायमचा दात मुळासकट पडला तर वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका. माती लागली असेल तर दुधाने किंवा सलाइनने हलकेच विसळा, घासू नका. आखाड्याच्या मातीत ताक, हळद, तेल सगळे असते, तरीही घासू नका. जमले तर तिथेच खोबणीत सरळ बसवा आणि स्वच्छ रुमाल दाताखाली धरायला सांगा. जमले नाही तर थंड दुधात टाकून आणा. दूध नसेल तर मुलाच्या थुंकीत. साध्या पाण्यात ठेवू नका, त्यात पेशी फुगून फुटतात. पहिली पंधरा मिनिटे सोन्याची. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही. पण त्याचीही नोंद ठेवायची, कारण दोन वर्षांच्या बाळाचा दुधाचा दात आत घुसला तर खाली तयार होत असलेल्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते, आणि तो डाग सातव्या वर्षी उगवतो. तेव्हा कुणालाच काही आठवत नाही.

काही वर्षांपूर्वी एका मैत्रिणीबरोबर (तीही दंतवैद्य) मी शाळांमध्ये मोफत तपासणीला जात असे. एका सकाळी आम्ही ठरवले की त्याच मुलांना दोघींनी वेगवेगळे, एकमेकींना न सांगता तपासायचे. दुपारी डबा उघडण्याआधी कागद शेजारी ठेवले आणि दोघींचीही भूक गेली. एनॅमलची बारीक चीर तिला दिसली होती, कारण ती बॅटरी बाजूने धरत होती. मी समोरून धरत होते. नव्या दातांच्या कडेला निसर्गतः तीन बारीक उंचवटे असतात. ते झिजलेले पाहून मी दोन मुलांना ‘कड तुटली’ लिहिले होते. आधी कुणीतरी सुबक भरलेला कोपरा दोघींच्याही नजरेतून सुटला होता, तो मुलाने स्वतः दाखवला. कुणी अडाणी नव्हते, कुणी घाईत नव्हते. आम्ही ‘कशाला काय म्हणायचे’ हे आधी ठरवले नव्हते, एवढेच.

अशा वेळी लोक टक्केवारी सांगतात आणि ती फसवी असते. समजा, शंभर मुले आहेत. दोन तपासनीस प्रत्येकी दहा मुलांना मार लागलेला लिहितात. त्यांतली चारच मुले दोघांच्या यादीत सामाईक आहेत. ‘नाही’ म्हणण्यात ८४ मुलांबद्दल दोघांचे जुळले. म्हणजे एकूण ८८ मुलांबाबत एकमत. ८८ टक्के ऐकायला किती छान! पण दोघांनी डोळे मिटून दहा-दहा नावे काढली असती, तरी नुसत्या योगायोगाने ८२ टक्के जुळलेच असते. योगायोग वजा करून मोजायची रीत जेकब कोहेन यांनी १९६० साली दिली, तिला काप्पा म्हणतात. या उदाहरणात तो ०.३३ येतो. पूर्ण एकमत असते तर १ आला असता. आणि आकड्यांशिवायही पाहा : कुणा ना कुणाला मार दिसलेली मुले सोळा, दोघांनाही दिसलेली फक्त चार. शिबिराच्या बातमीत ‘इतक्या मुलांचे दात दुखावलेले आढळले’ असे छापून येते, तेव्हा तपासणारे आधी एकत्र बसले होते का, हा प्रश्न आपल्या वार्ताहरांनी जरूर विचारावा.

त्यानंतर आम्ही दोघी दर वर्षी फोटोंचा एक गठ्ठा घेऊन बसतो. आधी वेगवेगळे लिहायचे, मग भांडायचे. महिन्याने तेच फोटो पुन्हा, उलटसुलट क्रमाने, कारण माणसाचे स्वतःशीही जुळत नाही. पहिल्या वर्षी मी माझ्याच आधीच्या उत्तरांशी असहमत झाले होते.

नोंदीचा आणखी एक वापर आहे आणि तिथे शब्दन्‌शब्द मोलाचा ठरतो. हाड किंवा दात मोडणे अथवा निखळणे ही कायद्याने जबर दुखापत आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत हे कलम ३२० मध्ये होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये आहे. म्हणजे मारामारीत दात मोडला की गुन्ह्याचे वजन बदलते. अशा प्रकरणात ‘दात हलतो’ एवढेच लिहिलेले प्रमाणपत्र दोन्ही बाजूंवर अन्याय करते. हिरडीच्या आजाराने वर्षानुवर्षे हलणारा दात आणि काल रात्री हललेला दात वेगळे ओळखता येतात : खोबणीतले ताजे रक्त, तुटलेली धारदार कड, एक्स-रेमधली हाडाची पातळी. पण हे त्याच दिवशी लिहिले तरच. सहा महिन्यांनी कोर्टात उभे राहून ते आठवत नाही. मी उभी राहिले आहे.

आणि ज्या बायका ‘मोरीत घसरले’ म्हणून येतात, त्यांच्याबद्दलही. मी त्यांचे शब्द जसेच्या तसे, अवतरणचिन्हांत लिहिते. त्याच्याखाली मला दिसते ते लिहिते : ओठाच्या आतून जखम, हनुवटीला काही नाही, मनगटावर जुने काळे-निळे व्रण. निष्कर्ष लिहीत नाही. एका बाईने चार वर्षांनी येऊन त्या पानाची प्रत मागितली. मी दिली.

मोठ्या चित्राबद्दल थोडेच बोलते. २०१८ साली पेट्टी, ग्लेंडोर आणि अँडरसन या संशोधकांनी जगभरचे अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला : दाताला मार लागून गेलेली जिवंत माणसे जगात एक अब्जाहून अधिक आहेत. सर्वाधिक आढळणाऱ्या आजार आणि दुखापतींच्या यादीत याला धरले असते, तर पाचवा क्रमांक लागला असता. यादीत धरलेच नव्हते. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत एस०२.५ म्हणजे दात मोडला आणि एस०३.२ म्हणजे दात निखळला, असे दोनच मोठे डबे होते. कोपरा उडाला आणि नस उघडी पडली, दोन्ही एकाच डब्यात. २०२२ पासून लागू असलेल्या अकराव्या आवृत्तीत मात्र एनए०डी या खुणेखाली दातांच्या आघाताचा स्वतंत्र विभाग आहे आणि प्रत्येक प्रकाराला त्याचे नाव मिळाले आहे. आपल्या केसपेपरवर ती नावे कधी येणार, एवढाच प्रश्न उरतो.

माझ्या व्यवसायबंधू-भगिनींना हात जोडून विनंती आहे. ‘क्लास ३’, ‘क्लास ५’ लिहिणे सोडून द्या. दुखापतीचे पूर्ण नाव लिहा, मराठीत लिहिलेत तरी चालेल. आकडा लिहायचाच असेल, तर कुणाच्या वर्गवारीतला ते लिहा. पुढचे सहा वरचे आणि सहा खालचे दात, प्रत्येकाची ओळ भरा. दुखत नसेल तर ‘दुखत नाही’ लिहा. रिकामी जागा म्हणजे ‘ठीक आहे’ असे नव्हे, ‘पाहिले नाही’ असे पुढचा डॉक्टर समजतो, आणि त्याने तसेच समजावे. एक्स-रे एकाच कोनातून काढू नका, मुळाची चीर त्यात लपते, आणि त्याच्यावर तारीख टाका. रुग्णाला प्रत द्या. ती तो रेशन कार्डाबरोबर जपतो.

शाळा, तालमी आणि फुटबॉल संघांसाठी मी अर्ध्या पानाचा एक कागद केला आहे. वर तोंडाचे चित्र आहे, दातावर फुली मारायची. चित्राखाली ‘मुलाचा उजवा’ आणि ‘मुलाचा डावा’ ठळक छापले आहे, कारण समोरून पाहणाऱ्याचा घोळ तिथेच होतो. मग घटना किती वाजता, कुठे आपटले, दात किंवा तुकडा सापडला का, कशात ठेवला, दवाखान्यात किती वाजता पोहोचले, धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे कधी झाले, आणि नोंद करणाऱ्याची सही. क्रीडाशिक्षकाला भरायला तीन मिनिटे लागतात. गेल्या वर्षी एका शाळेच्या सरांनी पहिल्यांदा भरून पाठवला, तेव्हा ‘कशात ठेवला’ पुढे त्यांनी लिहिले होते : ‘मुख्याध्यापिकांच्या चहाच्या दुधात, मधली सुट्टी संपायच्या आत.’ दात बसवून झाल्यावर मी त्यांना फोन करून आभार मानले.

हा कागद कुणालाही फुकट मिळेल. मूळ प्रत आपल्या कार्यालयात या पत्रासोबत पाठवत आहे. ज्यांना हवी त्यांनी तिथून झेरॉक्स काढून न्यावी. छापायला जागा झाली, तर हंगामाचे सामने सुरू व्हायच्या आठवड्यात क्रीडा पानावर छापावा, ही विनंती. आणि त्या परवाच्या सामन्यातला खेळाडू हे वाचत असेल, तर त्याने तारेचे आठवडे मोजून झाल्यावरही तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि मग किमान पाच वर्षे दर वर्षी दात दाखवावेत. येताना कागद आणावा. कागदावर काही लिहिलेले नसेल, तर कितव्या मिनिटाला पडले ते संघातल्या कुणाला तरी विचारून यावे.

आपली,
एक दंतवैद्य, गंगावेश, कोल्हापूर

(नाव छापू नये. माझ्या नावावरून वरच्या रुग्णांची ओळख पटेल.)